विहीर लवकर भरते आणि लवकर आटते, ती का?
(लेखमाला : आपल्या भोवतीचं विज्ञान)

मागच्या आठवड्यात आपण पाऊस जमिनीवर पडेपर्यंत त्याच्यासोबत होतो. आज त्याच्या मागोमाग जमिनीत उतरायचं आहे.

विहीर खणताना ‘झरा लागला’ असं म्हणतात. ते ऐकलं की खाली एखादी नदी वाहत असेल किंवा तळं साचलं असेल, असं वाटतं. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात तसं काहीच नसतं. राज्याचा सुमारे ८२ टक्के भाग बेसॉल्ट या काळ्या खडकाचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. मग त्यावर पुढचा थर आला. असे थरावर थर साचत गेले. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या हेच थर.

हे थर जवळून पाहायचे तर उन्हाळ्यात एखादी जुनी, आतून न बांधलेली विहीर गाठा. (मोठं माणूस सोबत हवंच, आणि काठावर वाकून नाही, जरा लांबून पाहायचं.) सगळ्यात वर हात-दोन हात काळी माती असते. तिच्याखाली पिवळट-तपकिरी मुरूम, बोटाने खरवडला तर भुगा होणारा. त्याखाली बारीक भोकांचा खडक असतो. गावाकडे त्याला मांजऱ्या म्हणतात. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे वर येऊन अडकले, त्यांची ही भोकं. त्यातली बरीचशी पुढे पांढऱ्या खनिजांनी भरून गेली, म्हणून तो अनरशासारखा ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. आणि तळाशी असतो काळा पाषाण. पहार मारली तर टणकन आवाज येतो आणि ठिणगी उडते.

आता ओल कुठे आहे ते बघा. मुरूम संपून मांजऱ्या सुरू होतो तिथे बहुतेक वेळा ओलसर पट्टा दिसतो. कुठे शेवाळ असतं, कुठे भेगेतून थेंब गळत असतात. विहिरीचं पाणी येतं ते इथून. पाषाणात उभ्या-आडव्या भेगा असतील तर त्यांतूनही येतं, पण अखंड पाषाण कोरडाच.

खडकात पाणी राहायला मोकळी जागा लागते. या गुणाला सच्छिद्रता म्हणतात. पण नुसती जागा असून भागत नाही, त्या जागा एकमेकींना जोडलेल्याही हव्यात, म्हणजे पाणी सरकू शकतं. ही झाली पार्यता. मांजऱ्यातली भोकं सुटी सुटी असतात, म्हणून नुसत्या भोकांचा उपयोग नाही. खडक झिजून, तडकून ती जोडली गेली की पाणी वाहतं. काळ्या मातीची गंमत उलटी आहे. ती पाणी पोटभर पिते, पण चटकन सोडत नाही. ज्या थरात पाणी साठतं आणि सरकतंही, त्याला जलधर म्हणतात.

आता थोडं गणित. ते चुकवू नका, सगळी गोम त्यातच आहे. एक हेक्टर शेत घ्या आणि वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरा. म्हणजे त्या शेतावर ६० लाख लिटर पाणी पडलं. त्यातलं बरंचसं वाहून जातं, बरंचसं माती आणि झाडं घेतात, वाफ होतं. बेसॉल्टच्या मुलखात जलधरापर्यंत पोहोचतं ते ढोबळ मानाने दहा टक्के. म्हणजे ६ लाख लिटर. शेतभर पसरलं तर सहा सेंटीमीटरचा थर, तुमचा घोटासुद्धा बुडणार नाही.

मग विहिरीचं पाणी पावसाळ्यात एवढं वर कसं येतं? झिजलेल्या बेसॉल्टमध्ये जी जागा पाणी घेते आणि सोडते, ती शंभरात एक ते तीन भाग असते. दोन धरू. सहा सेंटीमीटर पाणी इतक्या कमी जागेत मावायचं तर ते पन्नास पट उंच चढणार, म्हणजे तीन मीटर. आपण काठावरून बघतो आणि म्हणतो, यंदा विहीर तुडुंब आहे! पातळी खरी असते, पण तिच्या आजूबाजूला ९८ भाग दगडच असतो.

उपसतानाही हाच हिशेब लागू. गव्हाला पाटाने दिलेली एक पाळी साधारण सहा सेंटीमीटरची. त्या हेक्टरखाली वर्षभरात मुरलेलं सगळं पाणी एका पाळीत संपलं. गव्हाला अशा पाच-सहा पाळ्या लागतात. त्यातलं थोडं परत मुरतं हे खरं, पण उरलेलं येतं शेजारच्या माळाखालून, डोंगरउतारावरून, दुसऱ्याच्या बांधापलीकडून. जलधराला सातबारा ठाऊक नसतो.

विहीर आटली की बोअर मारतात. खोल गेलं की पाणी वाढतं, असा समज आहे. बेसॉल्टमध्ये खाली बहुधा पाषाणच जास्त. भेग लागली तर पाणी, नाही तर पांढरी धूळ. लागलेली भेगही अनेकदा वरच्या जलधराशी जोडलेली असते, तेव्हा बोअर चालू झाला की शेजारची विहीर उतरते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत ती म्हणूनच. नारळ तळहातावर धरून जागा दाखवणाऱ्या पाणाड्याचं काय, असं तुम्ही विचाराल. मुरमाचा थर सगळीकडे असेल तर कुठेही खणा, थोडंफार पाणी लागतंच. श्रेय मात्र नारळाला.

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि रब्बीला काय पेरायचं ते त्यावरून ठरवतं. शेतीसाठी बोअरवेल तिथे बंद आहेत, ऊसही नाही.

पुढच्या आठवड्यापर्यंत एक काम. घराजवळच्या विहिरीची पाणीपातळी मोठ्यांकडून मोजून घ्या. दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि तारखेसह वहीत लिहायचं. मोजणी सकाळी, पंप सुरू व्हायच्या आधी करायची, आणि दर वेळी काठाच्या त्याच दगडापासून.