विम्याचं कार्ड आहे, पण दार कुठलं ठोठवायचं?

मैत्रिणींनो, घरात कुणाला ताप आला, पाय मुरगळला, तर कुठल्या डॉक्टरांकडे जायचं हे आपल्याला झोपेतसुद्धा सांगता येतं. पण घरातल्या माणसाचं मनच आजारी पडलं तर? मग भल्याभल्या गृहिणीचं डोकं चालेनासं होतं. माझंही तसंच झालं, म्हणून हे लिहायला बसले.

माझे धाकटे दीर कारखान्यात कामाला आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांची झोप उडाली. 'माझ्या डब्यात कुणीतरी काहीतरी कालवतं' असं म्हणू लागले. डबा जसाच्या तसा परत यायचा. कामावर खाडे होऊ लागले. सासूबाईंनी दृष्ट काढली, अंगारा लावला. जाऊबाईंनी शेजारणींपासून सगळं लपवलं. आणि मी? 'कामाचा ताण असेल, होतील बरे,' म्हणून गप्प बसले. त्यात दोन महिने गेले.

शेवटी मी तीन-चार खाजगी समुपदेशकांकडे फोन केले. "कामगार विमा चालतो का हो?" "नाही, फी रोख." दर आठवड्याची फी ऐकून जाऊबाईंचा चेहरा उतरला. खाड्यांमुळे पगार आधीच निम्म्यावर आला होता. त्या म्हणाल्या, "वहिनी, मग दर महिन्याला पगारातून विम्याचे पैसे कापतात ते कशाला?"

प्रश्न रास्त होता. चूक एवढीच, की तो आम्ही भलत्याच दारात विचारत होतो. कामगार विम्यासाठी २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के रक्कम जाते. त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात. पण हे कार्ड कुठल्याही खाजगी दवाखान्यात दाखवून चालत नाही. आधी आपल्याला नेमून दिलेला विमा दवाखाना गाठायचा. तिथले डॉक्टर चिठ्ठी देतात, ती घेऊन विमा रुग्णालयात जायचं. तिथे तज्ज्ञ नसतील, तर ते जोडून घेतलेल्या रुग्णालयात पाठवतात. आम्ही याच वाटेनं गेलो. मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं, गोळ्या फुकट मिळाल्या.

तरी एक उणीव राहिलीच. गोळ्या डॉक्टर देतात, पण अशा माणसाशी घरात वागायचं कसं, हे निवांत बसून कोण सांगणार? हे काम मनोविकारांसाठी नेमलेल्या सामाजिक कार्यकर्त्यांचं. विमा रुग्णालयात ती जागा तेव्हा रिकामी होती. डॉक्टरच म्हणाले, "सिव्हिलला जा."

प्रत्येक विमा रुग्णालयात अशी व्यक्ती असतेच असं नाही. पण १९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात डॉक्टर आणि नर्स यांच्याबरोबर या कार्यकर्त्याचीही जागा असते. सरकारी रुग्णालयात या पदाला 'समाजसेवा अधीक्षक (मनोविकृती)' असं भारदस्त नाव आहे. पाटी वाचून बिचकू नका. आत बसलेल्या बाई अगदी साध्या होत्या, आणि त्यांनी विम्याचं कार्ड मागितलंसुद्धा नाही.

त्यांनी आम्हां सर्वांना समोर बसवलं. गोळ्या कोण देतं, घरात भांडण कशावरून होतं, रात्री कोण जागतं, सगळं विचारलं. मग सांगितलं, "त्यांच्या संशयावर वाद घालू नका आणि होकारही देऊ नका. 'तुम्हाला भीती वाटते हे मला कळतं,' एवढंच म्हणा. बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका." जाऊबाईंना म्हणाल्या, "रोज अर्धा तास घराबाहेर पडायचं. तुम्ही आजारी पडून चालणार नाही."

निघताना त्यांनी सहज विचारलं, "विमा दवाखान्यातून आजारपणाचा दाखला घेतलात का?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. वर्गणीच्या अटी पूर्ण असतील, तर आजारी कामगाराला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. दीर्घ आजारांच्या यादीत तीव्र मनोविकारही आहेत. त्यासाठी ८० टक्के, आणि तेही जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मिळू शकतात. आम्ही मात्र नुसते खाडे होऊ देत होतो. आणखी काही महिने तसेच गेले असते, तर नोकरीच गेली असती.

ज्यांच्याकडे कामगार विमा नाही, त्यांनीही हात टेकू नयेत. आयुष्मान भारतसारख्या योजना मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावरच्या खर्चासाठी असतात, दर आठवड्याच्या समुपदेशनासाठी नव्हे. खाजगी विमा असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायला सांगितलं आहे. तरी भरती न होता घेतलेले उपचार त्यात बसतात का, ते पॉलिसीत नीट वाचा. पण त्यासाठी थांबून राहू नका. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. घराबाहेर पडणंच जमत नसेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करा. मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि माणूस जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करू लागला, तर मात्र त्याला एकटं सोडू नका. वार-वेळ न बघता थेट सिव्हिलच्या अपघात विभागात न्या.

जाताना आधार कार्ड, विम्याचं कार्ड, जुनी चिठ्ठी आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. मानसोपचार विभागाचा वार आधी विचारून घ्या. खिडकीवर लाजत लाजत 'जरा मनाचं आहे' असं पुटपुटू नका. स्पष्ट विचारा, "मानसिक आरोग्य विभागाचे समाजसेवा अधीक्षक कुठे बसतात?" घरची गोष्ट बाहेर फुटेल ही भीती नको. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन त्याच कायद्यानं घातलेलं आहे.

भावोजी आता कामावर जातात. गोळ्या चालू आहेत, मधूनच एखादा दिवस वाईटही जातो. पण डबा रिकामा होऊन परत येतो. तुम्ही आज एवढं करा. यजमानांचं विम्याचं कार्ड कपाटातून काढा आणि त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं चढली आहेत का, ते बघा. गरज पडेल त्या दिवशी एवढा एक हेलपाटा तरी वाचेल.