रोजा आणि लपवलेली गोळी

रमजान लागला की रोडपालीतल्या आमच्या इमारतीत ताटांची ये-जा सुरू होते. आमच्याकडून खजूर, भजी, फळं जातात. समोरच्या काकू ताट कधी रिकामं परत पाठवत नाहीत. अशाच एका संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या भाभींनी मला जिन्यात थांबवलं. त्या मूळच्या आझमगडच्या. नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला.

"आपा, माझी झोपेची गोळी महिनाभर बंद केली तर चालेल ना?"

गोळी झोपेची नव्हती. त्यांच्यावर दोन वर्षांपासून डिप्रेशनचे उपचार सुरू होते आणि ते फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. रोजाच नाही ठेवला तर, असं मी विचारलं. "मग सासूबाई विचारतील, तुला झालंय काय?"

आजारी माणसाला रोजातून सूट आहे. बरं झाल्यावर ते रोजे भरून काढायचे. आजार कायमचा असेल तर प्रत्येक रोजामागे एका गरजूला जेवू घालायचं, त्याला फिदिया म्हणतात. मधुमेहाचे रुग्ण ही सूट उघडपणे घेतात. मनाच्या आजाराला ती नाकारलेली नाही, पण घ्यायची तर आजार सांगावा लागतो. इथेच सगळं अडतं.

हे आमच्याच घरांत होतं असं नाही. बंगळूरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली, तेव्हा नेहमी आढळणाऱ्या मानसिक आजारांचे १०० पैकी सुमारे ८५ रुग्ण उपचाराविना होते. मात्र ओझं सगळ्यांवर सारखं नाही. आशीष गुप्ता आणि डायन कॉफी या संशोधकांनी महाराष्ट्रासह सहा राज्यांतली २००७-०८ची माहिती तपासून २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. अनुसूचित जाती आणि मुसलमान यांनी स्वतःच सांगितलेली मनाची अवस्था उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा वाईट होती. मालमत्ता आणि शिक्षण सारखं धरलं तरी फरक उरत होता. म्हणजे हे नुसतं गरिबीचं दुखणं नव्हे. नाव सांगितल्यावर "खोली आत्ताच गेली" असं ऐकलेल्या भाडेकरूला याचं नवल वाटणार नाही.

उपचाराची वाटही सोपी नाही. राज्यात सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. आम्हाला जवळचं ठाणे. लोकल आहे, पण दिवसाची मजुरी बुडते. शिवाय पोट दुखतं हे खुणेने सांगता येतं, जीव घुसमटतो हे आपल्याच भाषेत सांगावं लागतं.

म्हणून कित्येक घरं आधी दर्ग्याची पायरी चढतात, त्यात सगळ्या धर्मांचे लोक असतात. त्यांना हसू नये. पण तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ २००१ मध्ये आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ रुग्ण गेले, हेही विसरता येत नाही. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून वेगळा मार्ग निघाला: मुजावर दुआ करतात आणि तिथेच बसलेल्या मानसोपचार डॉक्टरांकडे रुग्णाला पाठवतात. उपक्रमाचं नावच 'दवा-दुआ'. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

गोळ्या मनाने बंद करणं धोक्याचं. आजार उलटू शकतो. लिथियम घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरूच नये, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. बऱ्याच गोळ्यांची वेळ डॉक्टर इफ्तारनंतर किंवा सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला बांधून देतात. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत, हिंदीत चोवीस तास मोफत बोलता येतं. धर्म किंवा जात न पाहता मानसिक उपचार मिळणं हा २०१७च्या कायद्याने दिलेला हक्क आहे.

भाभी नवऱ्याला घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आल्या. त्यांची गोळी आता इफ्तारनंतर असते, रोजेही चालू आहेत. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.