खजुरावरचा 'गुबार'

'गुबार' म्हणजे धूळ. 'गर्द-ओ-गुबार' या शब्दामुळे उर्दू जाणणाऱ्या घरांत तो ओळखीचा आहे. पण इराकच्या खजूरबागेतला शेतकरी 'गुबार आला' म्हणतो, तेव्हा तो वादळाबद्दल नव्हे, एका किडीबद्दल बोलत असतो.

ही कीड म्हणजे कोळी. आपल्याकडे भेंडी-वांग्यावर येणाऱ्या लाल कोळ्याचीच ही भाऊबंद. पाय आठ, आकार अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. घोसावर ती बारीक जाळी विणते, जाळीत वाऱ्याची धूळ अडकते आणि अख्खा घोस मातकट दिसू लागतो. म्हणून नाव पडले गुबार. इराक, इराण, आखाती देशांपासून अल्जीरियापर्यंत तिचा उपद्रव आहे.

रुतब आणि तमर आपल्याला माहीत आहेत. त्याआधी फळ हिरवे व कडक असते, त्या अवस्थेला अरबीत 'किमरी' म्हणतात. कोळी याच फळाचा रस शोषतो. साल खरबरीत, तांबूस होते, भेगा पडतात, फळ नीट पिकत नाही. असा माल बहुधा जनावरांच्या चाऱ्यात जातो. वर्षभराची मेहनत पंधरा-वीस दिवसांत मातीमोल होते.

यात हवामानाचा हात मोठा आहे. उन्हाळा कोरडा आणि कडक असला की अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंतचा काळ दोन आठवड्यांपेक्षाही कमी होतो आणि एका हंगामात अनेक पिढ्या निपजतात. दमट हवा व पाऊस त्यांना मानवत नाही. कुवेतमधील मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी पारा ५३.९ अंशांवर गेला होता. इतक्या उष्णतेत कोळीही तग धरत नाही, पण उन्हाळा लवकर सुरू होऊन लांबला, तर त्याला वाढायला जास्त दिवस मिळतात. २०२२ च्या वसंतात इराकमध्ये एकामागून एक धुळीची वादळे आली. अशी धूळ कोळ्याला आडोसा देते आणि त्याला खाणाऱ्या मित्रकीटकांची वाट अडवते. त्यातच शत्त अल-अरब नदीत समुद्राचे खारे पाणी चढते. तहानलेले झाड किडीला लवकर बळी पडते.

उपाय आहेत, पण ते वेळेवर हवेत. फळ लहान असतानाच गंधकाची भुकटी धुरळणे, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जाळी धुणे, झाडांना वेळेवर पाणी देणे, बागेतले गवत काढणे. ऊठसूट जहाल औषध मारले तर कोळी खाणारे ढालकिडे आधी मरतात आणि कोळी दुप्पट जोराने परततो.

मुंबईच्या मस्जिद बंदरातून आपल्या गावापर्यंत येणाऱ्या खजुरांत इराकची जाहिदीही असते. इफ्तारच्या ताटातला तो एक दाणा उन्हाळा, धूळ आणि कोळी यांतून वाचून आलेला असतो. मुलांना हे जरूर सांगूया. ताटात एकही खजूर उष्टा टाकू नये, हे मग वेगळे समजावावे लागणार नाही.