तोरणमाळचा अर्धा तास

छायाचित्रणावरचं कुठलंही इंग्रजी पुस्तक उघडा, त्यात ‘सोनेरी तासा’चं कौतुक असतंच. सूर्य उगवल्यानंतरचा एक तास आणि मावळण्यापूर्वीचा एक तास. बाकीचा दिवस झोपा काढा, असाच सल्ला. आमच्यासारखी हौशी माणसं ही पुस्तकं पोथीसारखी वाचत आली. पण ती लिहिणारे राहतात लंडनच्या बाजूला. तिथे डिसेंबरात सूर्य क्षितिजाला घासत घासत तिरपा वर येतो. क्षितिजापासून सहा अंश चढायला त्याला पन्नासहून जास्त मिनिटं लागतात. सातपुड्यात तोरणमाळला तेवढीच चढण तो अर्ध्या तासात उरकतो. कर्कवृत्त इथून जेमतेम दीड अंशावर आहे, आणि आपल्याकडे सूर्य उभा चढतो, उभा उतरतो. म्हणजे पुस्तकातला तास इथे अर्ध्या तासाचा. त्या अर्ध्या तासासाठी मी गेली तीसेक वर्षं थंडीत पहाटे उठतो आहे, आणि घरच्यांची बोलणी खातो आहे.

दुसरी गंमत घड्याळाची. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आणि तोरणमाळ त्याच्या आठ अंश पश्चिमेला. त्यामुळे इथला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे बत्तीस मिनिटं उशिरा चालतो. जानेवारीत सात वाजून गेले तरी उन्हाचा पत्ता नसतो. कडाक्याच्या थंडीत तिपाई रोवून उभ्या असलेल्या माणसाला हा उशीर फार जाणवतो.

तोरणमाळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यातलं हे पठार, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरपेक्षा उंच. शहाद्याहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. म्हसावद सोडलं की डोंगर अंगावर येऊ लागतात आणि मग सात पायऱ्यांचा घाट. वर गोरखनाथाचं मंदिर, मच्छिंद्रनाथाची गुंफा, यशवंत तलाव, कमळांचा एक छोटा तलाव, सीताखाई, खडकी पॉइंट. महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा भरते, गुजरात-मध्य प्रदेशातूनही माणसं येतात. एरवी शांतता. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. १९९१ मध्ये बँकेने माझी शहाद्याला बदली केली, तेव्हा सहकाऱ्यांनी सांत्वन केलं होतं. महिनाभरात एका रविवारी एस.टी.ने वर गेलो आणि सांत्वनाची गरज संपली.

उजेडाच्या दृष्टीने तोरणमाळचं वर्ष सरळ आहे. पावसाळ्यात ढग पठारावर बसतात ते उठायचं नाव घेत नाहीत. सीताखाईचे धबधबे ऐकू येतात, दिसत नाहीत. तासन्‌तास कठड्याशी उभं राहावं, एखाद्या क्षणी धुक्याला खिडकी पडते, समोरचा कडा आणि पाण्याच्या रेघा दिसतात, आणि कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत खिडकी बंद. पावसाळ्यात आणखी एक शत्रू म्हणजे लेन्सवरची बुरशी. दमट हवेत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि काच कायमची खाते. मी सगळी सामग्री घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. पुड्या ओल्या झाल्या की तव्यावर भाजून घ्यायच्या. हिचं म्हणणं, पापड इतक्या काळजीने भाजले असते तर संसार सुखाचा झाला असता.

मार्चनंतर हवेत धूळ आणि धूर. दूरच्या डोंगररांगा पुसल्या जातात. मे अखेरीला तर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावलीच नाहीशी होते. बघायला मजा, फोटोला निरुपयोगी. कपाळाखाली डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. खरे दिवस पाऊस संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे. हवा धुतलेली, पठार खालच्या धुळीच्या थरापेक्षा उंच. क्षितिजावरच्या सूर्याचा किरण डोक्यावरच्या सूर्यापेक्षा अडतीसेक पट जास्त हवेतून येतो. तेवढ्या प्रवासात निळा रंग वाटेत विखुरला जातो आणि आपल्यापर्यंत तांबूस तेवढा पोचतो. हवा स्वच्छ असली तर तो तांबूस मळका होत नाही. सूर्य मावळला की सगळे पर्यटक पाठ फिरवून चहाला जातात. त्या वेळी उलट दिशेला, पूर्वेकडे पाहावं. क्षितिजालगत निळसर राखी पट्टा वर चढताना दिसतो, त्याच्यावर गुलाबी कड. तो राखी पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. खडकी पॉइंटवर मी ती कितीतरी जणांना दाखवली आहे, आणि दाखवल्यावर प्रत्येकाचा चहा थंड झाला आहे.

यशवंत तलावाची पहाट हा माझा जुना नाद. पाण्यावर वाफ असते, वारा पडलेला असतो, पलीकडच्या झाडांचं प्रतिबिंब उलट्या झाडांसारखं स्पष्ट. सूर्याचा पहिला किरण पाण्याला लागला की थोड्याच वेळात वारा सुटतो आणि आरसा मोडतो. मधली पाच-सात मिनिटं आपली. माझ्याकडे तेव्हा मुंबईत फोर्टमध्ये घेतलेला जुना पेंटॅक्स के-१००० होता. मीटरची सुई, बाकी सारं हाताने. मीटरला धुकं कळत नाही. पांढरं दिसलं की ते त्याला करडं करायला निघतं. म्हणून सुई सांगेल त्यापेक्षा एक-दीड टप्पा जास्त उजेड द्यावा लागतो. रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि पगार बँकेचा असला तरी रोल जपून वापरायचा. एका सकाळी चारपेक्षा जास्त वेळा बटण दाबल्याचं मला आठवत नाही. हातातल्या मोबाइलवर मिनिटाला चाळीस फोटो काढणाऱ्या नातवाला हे ऐकून माझी दया येते.

उजेड किती लवकर जातो याची सर्वात प्रसिद्ध गोष्ट अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सची. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या खेड्यावरून जाताना त्याला चंद्रोदय दिसला, आणि खाली दफनभूमीतल्या क्रुसांवर मावळतीचं ऊन. गाडी थांबवून त्याने अवजड कॅमेरा उभा केला, तर मीटर सापडेना. चंद्राचा पृष्ठभाग किती उजळ असतो हा आकडा त्याला पाठ होता, त्यावरून हिशेब करून एक निगेटिव्ह घेतली. दुसरी घेण्यापूर्वी क्रुसांवरचं ऊन गेलं. फोटोची तारीख त्याने लिहून ठेवली नव्हती. पुढे खगोल जाणणाऱ्यांनी चित्रातल्या चंद्राच्या जागेवरून ती काढली. मला या गोष्टीत त्या पाठ असलेल्या आकड्याचं अप्रूप वाटतं. बँकेत आयुष्य काढल्याचा परिणाम असेल.

आपल्याकडेही ही हौस जुनी. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी डॉक्टरकी सांभाळून त्या काळी छायाचित्रं काढत. त्या काळच्या ओल्या प्लेटच्या पद्धतीत काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायचा. म्हणजे बाहेर फोटो काढायचा तर अंधारी खोली तंबूसकट बरोबर न्यायची. आम्ही तिपाईच्या वजनाची तक्रार करतो!

पण तोरणमाळच्या चांगल्या उजेडाविषयी लिहायचं तर एक गोष्ट लपवून चालणार नाही. हवा धुतलेली असते त्याच दिवसांत इथली घरं रिकामी होतात. दिवाळी झाली की सातपुड्यातली पावरा आणि भिल्ल कुटुंबं ऊसतोडीला, बांधकामावर गुजरातेत उतरतात. पहाटे मी तलावाकडे निघतो तेव्हा घाटाकडे निघालेल्या गाड्या भेटतात: भांडी, गोधड्या, कोंबड्या, आणि त्यांच्यामध्ये दडपून बसलेली, शाळा अर्ध्यावर सोडलेली पोरं. त्यांच्या चेहऱ्यावर तोच तांबूस उजेड पडलेला असतो ज्याच्यासाठी मी उठलेला असतो. असे फोटो स्पर्धांमध्ये बक्षिसं मिळवतात, हे मला माहीत आहे. मी ते काढत नाही. कुणी काढले तर त्याला नावं ठेवणार नाही. कुणीतरी ते काढायला हवेतही. पण काढले तर खाली कुठली गाडी, कुठल्या महिन्यात, कशासाठी, एवढं तरी लिहावं. ‘सातपुड्यातील पहाट’ असं नाव देऊन मोकळं होऊ नये.

ही माणसं परततात ती होळीला. सातपुड्यात होळी ही दिवाळीपेक्षा मोठी. भोंगऱ्याचे बाजार भरतात आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी तर आता सगळ्या वर्तमानपत्रांत झळकते. रात्रभर ढोल, मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरू-भोपळे बांधलेले बावा-बुध्या, आणि होळी पेटते ती पहाटे. आगीचा केशरी आणि आकाशाचा निळा हे दोन उजेड काही मिनिटं अगदी तोलात येतात. छायाचित्रकाराला याहून काय हवं? पण मागच्या काही वर्षांत तिथे नाचणाऱ्यांपुढे कॅमेऱ्यांची भिंत उभी राहते, वर ड्रोनची घरघर. नवस फेडणाऱ्या माणसाला ‘जरा इकडे बघा’ म्हणून खांद्याला धरून फिरवताना मी पाहिलं आहे. मी आता काठीला जातो तो कॅमेरा पिशवीत ठेवून. ढोल डोळे मिटून जास्त चांगला ऐकू येतो.

तोरणमाळच्या माणसांचे फोटो मी काढले ते वेगळ्याच कारणाने. १९९३ च्या हिवाळ्यात विश्रामगृहाचा चौकीदार म्हणाला, “साहेब, तुमच्याकडे मशीन आहे, तर आमचे कागदाचे फोटो काढा ना.” कागदाचे म्हणजे अर्जावर चिकटवायचे. बँकेचं खातं, निराधार योजनेचा अर्ज, कुठलाही दाखला, फोटो हवाच. फोटो काढायला शहाद्याला उतरायचं, एक मजुरी बुडाली. तो घ्यायला पुन्हा उतरायचं, दुसरी बुडाली. टेबलाच्या अलीकडे बसून ‘दोन फोटो आणा’ हे वाक्य मी रोज वीस वेळा उच्चारत होतो. त्याची किंमत पन्नास किलोमीटर वर जाऊन कळली.

पुढच्या रविवारी कृष्णधवल रोल भरला. कागदाच्या फोटोला सोनेरी उजेड चालत नाही. अर्धा चेहरा काळा येतो. मोकळ्या आकाशाखालची गडद सावली लागते, सगळीकडून सारखा, मऊ उजेड देणारी. तलावाच्या काठावर आंब्याखाली तशी जागा मिळाली. मागे पांढरं धोतर, दोन बाजूंनी दोघांनी धरलेलं. पांढऱ्या धोतराने मीटर फसतं आणि चेहरे काळवंडतात, म्हणून मी मीटर स्वतःच्या तळहातावर धरायचो आणि एक टप्पा उजेड वाढवायचो. तळहात सगळ्या माणसांचे जवळपास सारख्याच उजेडाचे असतात. त्या दिवशी छत्तीस माणसं बसली. शहाद्याच्या घरी न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावून रोल धुतला, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ कागदावर छोटे फोटो छापले, आणि पाकिटावर नावं घालून एस.टी.च्या कंडक्टरकडे दिले. बदली होईपर्यंत हा उद्योग तीन हिवाळे चालला. निगेटिव्हची पाकिटं गावाच्या आणि तारखेच्या हिशेबाने माझ्या कपाटात आहेत.

२०१६ मध्ये पुण्याच्या घरी एक तरुण आला. चौकीदाराच्या मुलाकडून पत्ता काढत आलेला. शहाद्याला शिक्षक होता. खिशातून त्याने पाकीट काढलं. त्यात निराधाराच्या अर्जाच्या जुन्या प्रतीवरून सोडवलेला, शिक्क्याची शाई अर्ध्या गालावर आलेला एक फोटो. “आजी वारली,” तो म्हणाला. “तिचा दुसरा फोटो नाही. हा मोठा करता येईल का, दादा?”

शिक्क्यासकट तो मोठा करणं बरं दिसलं नसतं. तारीख विचारली, नक्की सांगता येईना. वर्ष सांगता आलं, आणि तेव्हा तो स्वतः किती वर्षांचा होता हेही. दोन संध्याकाळी निगेटिव्ह उजेडावर धरून पाहिल्या. दुसऱ्या संध्याकाळी आजी सापडली. कृष्णधवल फिल्म नीट धुतली असेल तर तिला काही होत नाही.

बारा बाय पंधरा इंचांचा फोटो करताना कापून फक्त चेहरा घेणार होतो. तो शेजारी उभा होता. त्याने पूर्ण निगेटिव्ह पाहिली: मध्ये आजी, कानांत चांदीचं, मागे धोतर, वर थोडी आंब्याची पानं, आणि दोन्ही कडांना धोतर धरलेली बोटं. डावीकडची बोटं मोठ्या माणसाची. उजवीकडची लहान, धोतराचा काठ घट्ट आवळून.

“हे मी धरलं होतं,” तो म्हणाला. “हात दुखला म्हणून तुम्ही मला चॉकलेट दिलं होतं.”

मला आठवत नव्हतं. फोटो न कापता छापला. त्याने दोन प्रती मागितल्या, एक शहाद्याला, एक वर गावातल्या घरासाठी. वरच्या घरात दमट हवा असते, म्हणून तिच्या चौकटीच्या मागे मी सिलिका जेलची एक पुडी चिकटवून दिली, आणि पावसाळ्यानंतर ती तव्यावर कशी भाजायची ते सांगितलं.