पदवी हाती, तरी जीव धोक्यात

आई जितकी जास्त शिकलेली, तितकं तिचं बाळंतपण सुखरूप, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतले आकडे हे गृहीतक मोडून काढतात. २००७ ते २०१६ या काळात तिथल्या पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांमधलं गरोदरपण-बाळंतपणातल्या मृत्यूंचं प्रमाण, शालेय शिक्षणही पूर्ण न झालेल्या गोऱ्या स्त्रियांच्या १.६ पट होतं. पदवीधर गोऱ्या स्त्रियांच्या तुलनेत तर ते पाचपटींहून जास्त होतं.

२०२३ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १४.५ गोऱ्या माता दगावल्या आणि ५०.३ कृष्णवर्णीय. यातले बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे असतात, असं सरकारी तपासण्याच सांगतात.

आता पगार पाहा. पूर्णवेळ काम करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला गोऱ्या पुरुषाच्या साधारण दोन तृतीयांश पगार मिळतो. त्याची वर्षभराची कमाई गाठायला तिला दीड वर्ष राबावं लागतं. हेच प्रमाण चाळीस वर्षं टिकलं, तर त्याच्या तेरा वर्षांहून अधिक पगाराइतका पैसा तिच्या हाती कधी येतच नाही.

हा अन्याय कायद्यालाही दिसत नव्हता. जनरल मोटर्स या मोटार कंपनीने १९६४ पूर्वी एकाही कृष्णवर्णीय स्त्रीला नोकरी दिली नव्हती. पुढे मंदी आली आणि 'शेवटी आलेला आधी बाहेर' या नियमाने १९७० नंतर लागलेल्या साऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांची नोकरी गेली. पाचजणी कोर्टात गेल्या. कंपनी स्त्रियांना घेतच होती, म्हणून १९७६ मध्ये कोर्टाने लिंगभेद मानला नाही. आणि वर्णभेदाची तक्रार कंपनीविरुद्धच्या दुसऱ्या एका दाव्यात जोडायला सांगितलं. पण कंपनीने घेतलेल्या त्या स्त्रिया गोऱ्या होत्या! १९८९ मध्ये कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी नेमकी हीच फट दाखवून दिली: वर्ण आणि लिंग वेगवेगळे तपासले, की दोन्हींचा मार एकत्र सोसणारी बाई हिशेबातूनच गळते.

सत्तेतही तेच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ११५ न्यायमूर्ती होऊन गेल्यावर, स्थापनेनंतर २३३ वर्षांनी, २०२२ मध्ये केतांजी ब्राउन जॅक्सन या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री न्यायमूर्ती झाल्या. सिनेटमध्ये आजवर दोन हजारांच्या आसपास सदस्य बसले. २०२५ च्या आरंभापर्यंत त्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया फक्त पाच.

म्हणून 'स्त्रियांची सरासरी' कोणी पुढे केली, की एक प्रश्न जरूर विचारा: कोणत्या स्त्रियांची?