दादरा-नगर हवेलीचा खटला

नाशिक जिल्ह्यातल्या घोटीच्या वायव्येला, घाटाखाली दादरा-नगर हवेली आहे. १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी ती पोर्तुगीजांकडून सोडवली. गायक-संगीतकार सुधीर फडके त्या स्वयंसेवकांत होते. पोर्तुगालच्या मते हा आपला प्रांत होता, भारताच्या मते वसाहत. १९५५ मध्ये पोर्तुगालने द हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतातून तिथे ये-जा करण्याचा हक्क मागितला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात तो नागरिक, मुलकी अधिकारी आणि सामान्य मालापुरता मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रांसाठी नाकारला गेला. भारताने कर्तव्यभंग केलेला नाही, असेही न्यायालयाने ठरवले. दादरा-नगर हवेलीचा कारभार तेव्हा स्थानिक वरिष्ठ पंचायत पाहत होती. १९६१ मध्ये तिच्या इच्छेनुसार हा प्रदेश भारतात विलीन झाला. लोकांच्या इच्छेला कायद्याचा आधार मिळवून देणे, हीच खरी मुत्सद्देगिरी.