एका दिवसांत नगर कसें पाहावें?

प्रतिवर्षीं सहामाही परीक्षा आटोपली कीं खेड्यापाड्यांतील शाळांच्या सहली नगर शहराकडे निघतात. कोणी संगमनेर-अकोल्याकडून येतात, कोणी शेवगांव-पाथर्डीकडून, कोणी कर्जत-जामखेडकडून. पहाटे निघावें, नऊच्या सुमारास शहरांत उतरावें व दिवेलागणीनंतर परत फिरावें, असा बहुतेकांचा बेत असतो. जिल्ह्याचें मुख्य शहर असूनहि पुष्कळ विद्यार्थ्यांस तें नीट पाहावयास मिळण्याचा हा एकच प्रसंग होय. पुढें ते येतात ते कचेरीच्या, दवाखान्याच्या अथवा बाजाराच्या कामास. आणि कामास आलेल्या मनुष्यास शहर दिसत नाहीं. म्हणून ह्या एका दिवसाचा विनियोग कसा करावा, हा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं.

सरकारी दप्तरीं २०२४ सालापासून ह्या शहराचें नांव अहिल्यानगर असें झालें आहे. ज्या अहिल्याबाई होळकरांच्या स्मरणार्थ तें दिलें, त्यांचा जन्म ह्याच जिल्ह्यांतील चौंडी गांवीं १७२५ सालीं झाला. बोलण्यांत मात्र नुसतें 'नगर' म्हणण्याची जुनी रीत आहे, आणि ह्या लेखांत आम्हीहि तीच पाळतों.

सहलीची टिपणें आम्हीं पुष्कळ वाचलीं आहेत. त्यांत दहाबारा स्थळांची यादी असते व प्रत्येकापुढें 'पाहिलें' असा शेरा असतो. परंतु त्याच मुलांस आठ दिवसांनीं विचारावें, तर गाडींत कोण कोणाशेजारीं बसलें व गारीगार कोणी किती खाल्लें, एवढेंच त्यांच्या ध्यानांत राहिलेलें असतें. ह्यांत मुलांचा दोष नाहीं. दहा ठिकाणीं गाडी थांबली म्हणजे दहा वेळां उतरणें, दहा वेळां मोजणी, दहा वेळां पाणी पिणें. पाहावयास वेळ उरतो कोठें? आमची सूचना अशी कीं, स्थळें चारच घ्यावींत, पण जेथें जी गोष्ट घडली तेथेंच उभें राहून ती समजून घ्यावी.

निघण्यापूर्वीं वर्गांत अर्धा तास इतिहास सांगून ठेवावा. मलिक अहमद ह्यानें १४९० सालीं बहामनी सैन्याचा पराभव केला व पुढें सीना नदीच्या कांठीं आपल्या नांवाचें शहर वसविलें. त्याच्या वंशाची निजामशाही १६३६ सालीं संपली. त्यानंतर मोगल, १७५९ पासून पेशवे, १७९७ पासून शिंदे व अखेर इंग्रज, असे धनी बदलत गेले. एवढी सांखळी पाठ असली म्हणजे पुरे.

पहिलें स्थळ किल्ला. तो सकाळींच पाहावा, कारण दुपारीं दगड तापतात. किल्ला लष्कराच्या ताब्यांत आहे. तेव्हां शिक्षकांनीं ओळखपत्रें बरोबर घ्यावींत व प्रवेश कोणत्या वेळीं मिळतो ह्याची चौकशी आधीं करून ठेवावी. दाराशीं जाऊन परत फिरण्यासारखी निराशा दुसरी नाहीं. डोंगरी किल्ले पाहिलेल्या मुलांस हा किल्ला प्रथम किल्ल्यासारखा वाटतच नाहीं. तो सपाटीवर आहे, जवळजवळ वाटोळा आहे, भोंवतीं रुंद खंदक आहे, आणि त्याचा घेर एका मैलाहून थोडाच अधिक भरतो. मूळची मातीची गढी होती. हुसेन निजामशहानें १५५९ च्या सुमारास दगडी काम आरंभिलें. डोंगराचा आधार नाहीं, म्हणून खंदक खोल व भिंत जाड करावी लागली. हें कारण मुलांकडूनच काढून घ्यावें. तीं तें काढतात.

येथें तटापाशीं थांबून चांदबिबीची हकीकत सांगावी. ती हुसेन निजामशहाची कन्या व विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. १५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद ह्यानें किल्ल्यास वेढा घातला. मोगलांनीं तटाखालीं सुरुंग पेरले. आंतल्या लोकांनीं त्यांतील कांहीं हुडकून निकामी केले, पण एक उडालाच व भिंतीस मोठें खिंडार पडलें. त्या समयीं ही बाई हातीं तरवार घेऊन खिंडारावर उभी राहिली, आणि रातोरात भिंत पुन्हां उभी करण्यांत आली. पुढें वऱ्हाड प्रांत मोगलांस देऊन तह झाला व वेढा उठला. चार वर्षांनीं, १६०० सालीं, दुसऱ्या वेढ्याच्या वेळीं, ती फितूर झाल्याची आवई उठली आणि तिच्याच लोकांनीं तिला ठार केलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला. शत्रूपुढें न डगमगलेली ती बाई स्वकीयांच्या संशयास बळी पडली, हें त्या भिंतीजवळ ऐकलें म्हणजे निराळेंच वाटतें.

आंत गेल्यावर ज्या इमारतींत १९४२ च्या ऑगस्टपासून काँग्रेसच्या कार्यकारिणीचे बारा सभासद स्थानबद्ध होते, ती पाहावी. पंडित नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव, असे ते लोक. नेहरू येथें अडीच वर्षांहून अधिक काळ होते आणि १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर ह्या पांच महिन्यांत त्यांनीं आपला हिंदुस्थानच्या इतिहासावरील प्रख्यात ग्रंथ येथेंच लिहिला. त्यांची खोली सर्वच पाहतात. आम्ही मात्र मौलाना आझादांची आठवण अगत्यानें करण्यास सांगतों. ते येथें असतांना १९४३ च्या एप्रिलांत त्यांच्या पत्नीचें कलकत्त्यास निधन झालें. त्यांची अखेरची भेट झाली नाहीं. त्या काळांत त्यांनीं एका स्नेह्यास उद्देशून उर्दूंत पत्रें लिहिलीं. तीं धाडण्याची सोय नव्हती. सुटकेनंतर तीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यांत पहाटेच्या चहाबद्दल आहे, खोलींत शिरणाऱ्या चिमण्यांबद्दल आहे, आणि ह्या दुःखाबद्दलहि आहे. किल्ल्यास दोन तास द्यावे. त्यांतून दहा मिनिटें मुलांस मोकळें, निमूट फिरूं द्यावें.

किल्ल्याजवळच दमडी मशीद आहे. इमारत लहान, परंतु दगडावरचें नक्षीकाम इतकें बारीक कीं बोट फिरवून पाहावेंसें वाटतें. (बोट फिरवूं नये.) ती १५६७ सालीं साहिरखान नांवाच्या सरदारानें बांधविली. लोक मात्र सांगतात कीं, किल्ल्याच्या कामावरील मजुरांनीं आपल्या मजुरींतून एकएक दमडी काढून ती उभी केली. सरदाराचें नांव आज पुस्तकांत राहिलें आहे आणि दमडीचें नांव इमारतीस राहिलें आहे. ह्या दोन गोष्टींची सांगड कशी घालावी, ह्यावर मुलांचा वाद होऊं द्यावा. शिक्षकांनीं निकाल देण्याची घाई करूं नये.

दुपारीं शहरांत यावें. शिदोरी घरचीच असावी. बाजरीची भाकरी व शेंगदाण्याची चटणी दुपारपर्यंत बिघडत नाहीं, आणि खाणावळींत पन्नास मुलांचीं पानें मांडीपर्यंत एक स्थळ हातचें जातें. जुन्या शहराच्या तटाची बहुतेक भिंत आज उरलेली नाहीं. दिल्ली दरवाजा व माळीवाडा वेस एवढ्या खुणा आहेत. हाच तट १८०३ च्या ऑगस्टच्या ८ तारखेस वेलस्लीच्या फौजेनें शिड्या लावून एका सकाळींत ओलांडला; किल्ला मिळावयास त्याला आणखी चार दिवस लागले. दिल्ली दरवाज्याजवळ बागरोजांत शहर वसविणाऱ्या अहमद निजामशहाची काळ्या दगडाची कबर आहे. तालिकोटच्या लढाईंत, १५६५ सालीं, विजयनगरच्या रामरायास पकडणाऱ्या गुलामअली नांवाच्या हत्तीचें थडगेंहि तेथेंच दाखवितात. मुलें राजापेक्षां हत्तीपाशीं अधिक वेळ घालवितात, घालवूं द्यावा. नगरांत ओतलेली सर्वांत नामांकित वस्तु मात्र नगरांत पाहावयास मिळत नाहीं. १५४९ सालीं महंमद बिन हसन रूमी ह्यानें येथें ओतलेली 'मलिक-इ-मैदान' तोफ विजापूरच्या बुरुजावर आहे.

आमच्यासारख्या मिशन शाळांच्या विद्यार्थ्यांनीं ह्या शहरांतून जातांना आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. तिला पाहण्याजोगा घुमट किंवा बुरूज नाहीं. अमेरिकन मराठी मिशनचें काम येथें १८३१ सालीं सुरू झालें. १८३९ सालीं मिस सिंथिया फरार ह्या येथें आल्या व त्यांनीं मुलींच्या शाळा चालविल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांस मुलींसाठीं शाळा काढण्याची प्रेरणा झाली, आणि सावित्रीबाईंनीं अध्यापनाचे धडे फरारबाईंच्या संस्थेंत घेतले. पुण्यास १८४८ सालीं जी शाळा निघाली तिचें एक मूळ असें नगरांत आहे. फरारबाई १८६२ सालीं वारल्या. 'ज्ञानोदय' हें पत्र १८४२ सालीं प्रथम ह्याच शहरांतून निघालें; रेव्हरंड नारायण वामन टिळक पुढें त्याच्या मराठी भागाचे संपादक झाले, आणि लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तील कितीतरी प्रसंग नगरचे आहेत. तें पुस्तक वाचून जो विद्यार्थी नगरास येईल, त्यास गल्ल्या ओळखीच्या वाटतील.

ऊन कलूं लागलें म्हणजे फराहबागेकडे निघावें. शहराच्या आग्नेयेस दोनएक मैलांवर, एकेकाळच्या मोठ्या तळ्याच्या मधोमध, हा अष्टकोनी महाल उभा आहे. बांधलेलें काम मूर्तझा निजामशहाच्या पसंतीस न उतरल्यामुळें तें पाडून सलाबतखानाकडून पुन्हां करविण्यांत आलें व १५८३ सालीं तें पुरें झालें. आज तळें कोरडें आहे. येथें विचारावयाचा प्रश्न एकच: इतकें पाणी आलें कोठून? नगरचा पाऊस बेताचा, सीना उन्हाळ्यांत आटणारी. निजामशाही कारागिरांनीं कापूरवाडी, शहापूर, वडारवाडी अशा बाजूंच्या गांवांकडून, उंचावरील विहिरींचें पाणी जमिनीखालून खापरी नळांनीं शहरांत व बागांत खेळविलें. यंत्र नाहीं, पंप नाहीं. केवळ उतार साधला. ज्या मुलांच्या गांवीं उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, त्यांस ह्या महालाच्या कमानींपेक्षां हे नळ अधिक विचार करावयास लावतील, असें आम्हांस वाटतें.

जवळच लष्कराचें रणगाडा संग्रहालय आहे. तें १९९४ सालीं उघडलें. १९६५ च्या युद्धांत पाकिस्तानकडून हस्तगत केलेले पॅटन रणगाडे तेथें आहेत. मुलांचा आग्रह असेल तर एक तास तेथें द्यावा, पण मग बागरोजा सोडावा; दोन्ही करूं जाऊं नये. मेहेराबाद, भिंगारजवळील आलमगीर दर्गा हीं दुसऱ्या फेरीसाठीं ठेवावींत. १७०७ सालीं औरंगजेब बादशहा ह्याच परिसरांत वारला, एवढें वाटेंत सांगितलें तरी भागतें.

शेवटचें स्थळ शाहडोंगरावरील तिमजली अष्टकोनी इमारत. शहराच्या पूर्वेस सहाएक मैलांवर ती आहे व वरपर्यंत रस्ता जातो. सर्व जिल्हा तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतो. परंतु ती महाल नव्हे आणि चांदबिबीचीहि नव्हे. ज्यानें फराहबाग पुरी केली त्याच सलाबतखानाची ती कबर आहे. नांव चुकीचें म्हणून लोकांस हंसूं नये. ज्या बाईनें भिंत राखली तिच्यासाठीं लोकांनीं जिल्ह्यांतील सर्वांत उंच दिसणारी इमारत निवडली, ह्यांत त्यांची कृतज्ञताच आहे. तथापि मुलांच्या वहींत 'सलाबतखानाची कबर' असेंच लिहिलें गेलें पाहिजे.

येथें सूर्यास्तापूर्वीं तासभर तरी पोहोंचावें. वरून सीनेचा कांठ, शहर, भिंगारची छावणी व किल्ल्याभोंवतींची झाडी एका दृष्टींत येते. सकाळपासून पाहिलेलें प्रत्येक स्थळ कोठें आहे, हें मुलांस बोटानें दाखवावयास सांगावें, आणि जमेल त्यानें वहींत कच्चा नकाशा काढावा. वर वारा जोराचा असतो व संध्याकाळीं गारठा पडतो; लहानांसाठीं स्वेटर असावेत. वरच्या मजल्यांच्या कठड्याशीं मुलांस एकटें सोडूं नये. अंधार पडण्यापूर्वीं मोजणी करून खालीं उतरावें, म्हणजे पाथर्डीकडील गाड्यांस तेथूनच परभारें घरची वाट धरतां येते.